चिमट्याची लांबी

बुऱ्हाणपूरला गेलो होतो ते कुंडी भंडारा पाहायला. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आणले. पंप नाही, रहाट नाही. शंभराहून अधिक कुंड्या आणि त्यांना जोडणारे भुयार, सगळा भरवसा उतारावर. उतार जास्त झाला तर पाणी भुयार खरवडते, कमी झाला तर साचते. मुमताजमहल ह्याच गावात 1631 मध्ये वारली आणि मिर्झाराजे जयसिंग 1667 मध्ये इथेच गेले, एवढेच मला आधी ठाऊक होते. पाण्याची ही गोष्ट मला नवी होती.

मी उतरलो होतो ते एका मराठी कुटुंबात. घरचा मुलगा पंचविशीचा, यंत्रमागाच्या धंद्यात न रमलेला. संध्याकाळी त्याने मला मागच्या पडवीत नेले. तिथे त्याच्या आजोबांची बुलेट उघडी करून ठेवलेली, आणि शेजारी भिंतीला टेकवून एक भलामोठा स्प्रिंगर चिमटा. दोन-दोन पायांचा, वर उघड्या स्प्रिंगा, क्रोम चढवलेला. दिल्लीहून मागवला म्हणाला. किंमत ऐकून मी गप्पच राहिलो. त्याच्या वडिलांना ती अजून माहीत नव्हती.

"काका, हा मूळ चिमट्यापेक्षा सहा इंच लांब आहे. बसेल ना?"

मी काही मेकॅनिक नव्हे. पण आमच्या घरी वडिलांची राजदूत होती, आणि गोव्यात मोटरसायकल पायलटांच्या मागे बसून आमचे बालपण गेले, तेव्हा ह्या विषयाचे थोडे वेड आहे. (पिवळा मडगार्ड दिसला की आजही हात आपोआप वर होतो.) म्हणून हा इतिहास.

स्प्रिंगर म्हणजे नेमके काय? मागचे दोन पाय पक्के, पुढचे दोन वरखाली होणारे, खाली दोघांना जोडणारा एक आखूड दांडा आणि त्यात चाकाचा आस. खड्डा लागला की दांडा हलतो, पुढचा पाय वर सरकतो आणि डोक्याजवळची स्प्रिंग दबते. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनने 1907 पासून असे चिमटे वापरले आणि मोठ्या गाड्यांवर 1949 मध्ये तेल भरलेला दुर्बिणीसारखा चिमटा आणला तेव्हा ते मागे पडले. मध्ये दुसरे महायुद्ध येऊन गेले. त्यात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली हार्लेची डब्ल्यूएलए ही गाडी स्प्रिंगरवरच चालत असे. युद्ध संपल्यावर अशा गाड्या भंगाराच्या भावात आपल्याकडे विकल्या गेल्या. दिल्लीच्या जुन्या 'फटफटी' ह्याच. पुढे हार्ले किंवा इंडियन, मागे माणसे बसवायचा सांगाडा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून त्या बंद झाल्या. हौशी गाड्यांची कल्पना आपण अमेरिकेहून घेतली असे सगळे म्हणतात, पण स्प्रिंगरला पोटापाण्याला लावण्याचे काम दिल्लीकरांनी फार आधी केले होते.

आणि आपली राजदूत? ती पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवली. तिचा पुढचा चिमटा 'अर्ल्स' पद्धतीचा होता, म्हणजे चाक मागून धरलेल्या लांब दांड्यावर डुलणारे. स्प्रिंगरचा हा धाकटा चुलतभाऊ.  बुलेट 1955 पासून मद्रासला बनू लागली ती मात्र दुर्बिणी चिमट्याची.

आता लांबीचा प्रश्न. चिमटा 'सहा इंच जास्त' म्हणजे कशाहून जास्त? मानेच्या खालच्या वाटीपासून चाकाच्या आसापर्यंतच्या मूळ अंतराहून. ते अंतर गाडी उभी करून, माणूस बसवून मोजायचे, कारण स्प्रिंगा वजनाने दबतात. भिंतीला टेकवलेला चिमटा खोटे बोलतो.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बुलेटच्या दोन चाकांत साधारण 54 इंच अंतर, मान उभ्या रेषेपासून 27 अंशांच्या आसपास मागे झुकलेली. सहा इंच वाढवले की पुढचे तोंड वर उचलले जाते आणि झुकाव पाचेक अंशांनी वाढून 32 च्या वर जातो. ह्याचा परिणाम होतो तो 'ट्रेल'वर. मानेची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती जिथे टेकते आणि चाक जिथे टेकते, त्यांतले अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसातल्या खुर्चीचे छोटे चाक दांड्याच्या मागे ओढत येते आणि म्हणून सरळ राहते, तेच तत्त्व. आमच्या हिशेबात ते पावणेचार इंचांवरून सव्वापाचाच्या आसपास गेले. मोकळ्या रस्त्यावर गाडी रेषेत पळेल, पण बुऱ्हाणपूरच्या बाजारपेठेत वळवताना हँडल पडू पाहील. शिवाय इंजिन मागे कलते आणि मानेच्या जोडावर ओढ वाढते. अमेरिकेतले जुने कारागीर म्हणून आधी चासी कापून मान झुकवत आणि मगच तिला जुळेल तो लांब चिमटा निवडत, म्हणजे खालचा पाइप जमिनीला समांतर राही. चिमटा आधी घेऊन चासी नंतर शोधणे हा उलटा प्रवास.

मुंबईत 'वर्देंची' नावाने अक्षय वर्दे यांनी 2000 च्या दशकात अशा गाड्या घडवल्या, त्या मुलाच्या भिंतीवर त्यांची चित्रेही होती. मग मीच नको ती आठवण काढली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उत्पादकाच्या मूळ तपशिलात बसत नाहीत असे बदल वाहनात करता येणार नाहीत. म्हणजे चासी कापलेली गाडी रस्त्यावर आणायची तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडचणीत. आजोबांच्या नावाचे ते जुने नोंदणी पुस्तक त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मला म्हणाला, "काका, बाबांना किमतीचं तुम्ही सांगाल?"

मी नाही म्हणालो. रात्री जेवणात त्यानेच सांगितले. वडिलांनी भाकरी मोडता मोडता एवढेच विचारले की आजोबांच्या चासीला पाना लागला का. लागला नव्हता.

महिन्याभराने त्याचा फोन आला. बुलेट जुन्या चिमट्यावर पुन्हा उभी केली होती. स्प्रिंगर तसाच पडवीत होता, आणि इंदूरचा कोणी गिऱ्हाईक निम्म्या भावाला मागत होता. देऊ का, असे विचारत होता.