पडद्यामागून दिसलेला ख्रिस्त

दादासाहेब फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं ते येशूमुळे, हे मराठी मुलांना शाळेतच कळतं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना मात्र त्याचं म्हणावं तितकं अप्रूप नाही. गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला. कुणी तो 1910 चा नाताळ धरतं, कुणी 1911 चा ईस्टर. मला ईस्टरची गोष्ट जास्त आवडते, कारण तिच्यात तपशील आहे. 14 एप्रिलला फाळके थोरल्या मुलाला घेऊन प्राण्यांचा चित्रपट पाहून आले. पोराने घरी वर्णन केलं, पण कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेले, तर सणामुळे खेळ बदललेला! त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता. म्हणजे गुड फ्रायडेला गिरगावात पडद्यावर जनावरं धावत होती, आणि शनिवारी, आमच्या हिशेबाने ख्रिस्त कबरेत असतो त्या दिवशी, तो तिथे चालत-बोलत होता.

पुढे 1917 मध्ये फाळक्यांनी ‘नवयुग’मध्ये लिहिलं की ख्रिस्ताचं चरित्र डोळ्यांपुढून सरकत असताना त्यांच्या मनात राम-कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्यातूनच 3 मे 1913 रोजी कॉरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. हे वाचून आमच्यातली काही वडीलधारी मंडळी हिरमुसत. ख्रिस्त पाहिला आणि आठवला कोण, तर कृष्ण! मला त्यात हिरमुसण्यासारखं काही दिसत नाही. दुसऱ्याच्या देवाची गोष्ट मन लावून पाहताना आपला देव आठवणं, याहून प्रामाणिक प्रेक्षक कसा असतो? आम्हीही आयुष्यभर तेच केलं, फक्त चोरून.

चोरून का, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं. माझे आजोबा या मिशनच्या एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. सुगी आटोपली, थंडी पडली की मिशनचे लोक दौऱ्यावर निघत, आणि बैलगाडीत तंबू-भांड्यांबरोबर ‘जादूचा कंदील’ असे. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढे भिंग आणि मध्ये रंगवलेली काच सरकवायची खाच. काच उलटी घालावी लागे, तेव्हा चित्र सुलटं पडे. आजोबा हे काम दुसऱ्याला करू देत नसत. घाईत कुणी काच सुलटी घातली की पेत्र डोकं खाली करून पाण्यावर चालू लागे, आणि मग दहा मिनिटं हशा आवरत नसे. चित्रं सगळी विलायती, माणसं गोरी. पण त्यांच्यापुढे आजोबा उभे राहत ते टाळ घेऊन. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा. पूर्वरंग, उत्तररंग, अभंग, सगळं तसंच. उधळ्या पुत्राची काच लागली की तो दूर देशी गेला म्हणजे मुंबईला गेला, असं ते सांगत. गावातल्या निम्म्या घरांतली पोरं मुंबईला गिरणीत होती. त्या अंधारात कोण कशासाठी रडतंय, हे कुणी विचारत नसे.

म्हणजे अंधारात बसून उजळलेला पडदा पाहायची सवय आमच्या लोकांना मिशननेच लावली. आणि तंबूत सिनेमा दाखवणारे जत्रेतून फिरू लागले तेव्हा तो पाहू नका, असं सांगणारंही मिशनच! मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव घालताना जी वचनं घ्यायची त्यांत दारू, तंबाखू, तमाशा यांच्या ओळीत सिनेमा येऊन बसला. आमची मंडळी प्रॉटेस्टंट. चित्राची, मूर्तीची धास्ती आमच्या हाडात. जादूच्या कंदिलाचं चित्र चालत नव्हतं, म्हणून त्याला माफी होती, असं आजी म्हणायची. कॅथलिकांची तऱ्हा वेगळी, त्यांच्याकडे शिस्त होती. अमेरिकेत 1934 मध्ये ‘लीजन ऑफ डीसन्सी’ने विश्वासूंकडून प्रतिज्ञा घ्यायला सुरुवात केली आणि चित्रपटांना श्रेणी लावल्या. 29 जून 1936 रोजी पोप अकरावे पायस यांनी सिनेमावर एक अख्खं परिपत्रक काढलं. गंमत म्हणजे हॉलिवूडची नीतिसंहिता 1930 साली लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, फादर डॅनियल लॉर्ड, हे जेझुइट होते. सेसिल डिमिलने 1927 मध्ये ‘किंग ऑफ किंग्ज’ काढला तेव्हा सेटवर सल्लागार म्हणूनही तेच. धाक दाखवायचा आणि हातभारही लावायचा, हे चर्चचं धोरण रोममध्ये आणि नगरमध्ये सारखंच होतं.

पोपसाहेबांनी परिपत्रक काढलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. मुंबईत 57 आठवडे चालला, व्हेनिसला गौरवला गेला. माझ्या आजीने तो तंबूत पाहिला, माहेरी गेली असताना, आजोबांना न सांगता. कुणाशी वाद घालायची वेळ आली की ती एकच उत्तर द्यायची: टिळकांना तुकोबा चालले, मग मला का नाही? रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं उघडपणे सांगत राहिले. त्यांचे अभंग आम्ही दर रविवारी गातो. या युक्तिवादावर आजोबांकडेही तोड नव्हती.

आजी तुकारामाबद्दल फारसं बोलत नसे. ती बोलायची जिजाईबद्दल. गौरीने केलेली ती जिजाई: म्हैस सांभाळणारी, पोरांच्या पोटाची काळजी वाहणारी, आजारी लेकराला घेऊन देवळात जाऊन खुद्द विठोबाला जोड्याचा धाक दाखवणारी, आणि शेवटी नवरा वैकुंठाला बोलावतोय तरी घर सोडायला तयार नसलेली. ‘ही आपली मार्था,’ आजी म्हणायची. लूकच्या शुभवर्तमानात मरिया प्रभूच्या पायाशी बसते आणि मार्था स्वयंपाकघरात राबते, वर बोलणीही खाते. उपदेशात मार्थाची बाजू मी कधी ऐकली नाही. ती आमच्या घरात आली प्रभातच्या सिनेमातून. पुढे मी स्वतः ‘संत तुकाराम’ पुन्हा पुन्हा पाहिला आणि दर वेळी आजीचं खरं वाटलं. विमान, गरुड, वैकुंठ हे सगळं डोळ्यांना पटवायला प्रभातच्या कारागिरांनी जीव ओतला आहे. पण देव खरा वाटतो तो जिजाईच्या रागात. इतकं रागवायचं म्हणजे समोर कुणीतरी असायला हवं.

बंदी उठली ती बायबलच्या नावाखाली. ‘टेन कमांडमेंट्स’ला शाळेने रांगेत नेलं. सोन्याच्या वासराभोवती चाललेला धिंगाणा पाहताना पुढच्या रांगेतल्या बाई सारख्या मागे वळून आमचे चेहरे तपासत होत्या. ज्या हिंदी चित्रपटांना आम्हाला मज्जाव होता त्यांत याच्या निम्मंसुद्धा अंग उघडं नसायचं. पण मोशे होता ना!

‘बेन-हर’ची गोष्ट वेगळी. 1959 च्या त्या चित्रपटात ख्रिस्त आहे, क्लॉड हीटर नावाच्या एका ऑपेरा गायकाने तो केला, पण त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. त्यातला नासरेथचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. साखळदंडातले कैदी चालवत आणलेत, रोमन अधिकारी त्यांतल्या यहूदाला, म्हणजे नायक बेन-हरला, पाणी देऊ नका म्हणून बजावतो. पाठमोरा एक सुतार येतो, त्याला पाणी पाजतो. अधिकारी चाबूक घेऊन ओरडत पुढे होतो, तो माणूस उभा राहून त्याच्याकडे पाहतो. आपल्याला दिसतो फक्त अधिकाऱ्याचा चेहरा: आधी गुरमी, मग गोंधळ, मग नजर चुकवणं. चाबूक असलेला माणूस मागे सरतो. ख्रिस्त दाखवायचा कसा, या शंभर वर्षांच्या भांडणावर इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुठल्या बायबलपटाने दिलंय असं मला वाटत नाही. ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने सुरुवातीला मोजून दोन गोष्टी निषिद्ध ठरवल्या होत्या, नग्नता आणि ख्रिस्ताचं दर्शन. या जोडीला आपण हसतो, पण पडद्यावर चेहरा दाखवणं म्हणजे काहीतरी उघडं करणं आहे, हे त्यांना कळत होतं.

आमच्याकडे चेहरा उघडा झाला तो ‘दयासागर’ने. मूळ तेलुगू ‘करुणामयुडू’, 1978 चा. ए. भीमसिंग दिग्दर्शक, विजयचंदर येशूच्या भूमिकेत. हिंदीत उतरवून तो 16 मिलिमीटरच्या रिळांवर खेडोपाडी फिरला. आमच्या गावात तो आला तेव्हा मी नुकती शिक्षिका झाले होते. देवळाच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, पटांगणात दोन लिंबांच्या मध्ये धोतराचं पांढरं कापड ताणलं. जनरेटर दूर ठेवला होता तरी त्याची धडधड संवादांत मिसळायचीच. पुढे मंडळीचे लोक, त्यांच्यामागे गाव. आणि कापडाच्या पलीकडे, उलट्या बाजूला, पुढे बसायला संकोचणाऱ्या बायका आणि सांगून न ऐकणारी पोरं. चहाच्या निमित्ताने मी तिकडे गेले आणि तिकडेच बसले. मागून सगळं आरशातल्यासारखं दिसतं. येशू डाव्या हाताने आशीर्वाद देत होता, पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत होती, आणि माझ्या शेजारची म्हातारी दोन्ही हात जोडून बसली होती. तिला डावं-उजवं कशाचीच फिकीर नव्हती.

वधस्तंभाचं रीळ संपलं की दाखवणारे प्रोजेक्टर थांबवत आणि प्रचारक माइक हातात घेत. पुनरुत्थानाचं रीळ उपदेशानंतर. हा बेत कुणाच्या डोक्यातून निघाला माहीत नाही, पण लोक खिळून राहत हे खरं. आमच्याकडे मात्र त्या मधल्या वेळात एक माणूस उठला, पडद्यापाशी गेला आणि नारळ फोडला. कुणीतरी झेंडूची फुलं वाहिली. प्रचारक गोंधळले, पाळकसाहेब लाजेने लाल. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या बैठकीत यावरच चर्चा, मूर्तिपूजा म्हणायची की भक्ती? फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांपुढे लोक लोटांगण घालत, आता ख्रिस्ताच्या चित्रपटापुढे नारळ. हिशेब बरोबर झाला, असं मी म्हटलं. ते बैठकीच्या इतिवृत्तात आलं नाही.

मग 1979 चा ‘जीझस’ आला, ब्रायन डीकनने येशू केलेला. जवळपास सगळे संवाद लूकच्या शुभवर्तमानातले. तो दोन हजारांहून जास्त भाषांत गेला, त्यांत मराठीही. नाताळात अजून दाखवतात. चांगला, सरळ, आणि माझ्या मते निर्जीव. त्यात चूक काढायला जागा नाही आणि हरवून जायलाही नाही. हे बोलल्यावर आमच्यात पुष्कळ जण दुखावले जातात, पण पाठ केलेला धडा कितीही बिनचूक म्हटला तरी धडाच.

याच्या उलट पासोलिनी. हा इटालियन, मार्क्सवादी, स्वतःला नास्तिक म्हणवणारा. असिसीत मुक्कामी असताना त्याने मत्तयचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढलं आणि 1964 मध्ये ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ केला. अर्पण कुणाला, तर पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला. येशू झाला तो एन्रिके इराथोकी, एक स्पॅनिश विद्यार्थी. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी तो पाहिला तेव्हा शेजारच्यांना माझा धर्म माहीत नव्हता, आणि त्या काळोखात मला त्याचं बरं वाटलं. वधस्तंभाखालची वृद्ध मरिया ही पासोलिनीची खरी आई, सुझाना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो 1945 मध्ये महायुद्धात मारला गेला होता. हे कळल्यावर ती पडद्यावर कोसळते तेव्हा अभिनय कुठे संपतो, ते शोधण्यात अर्थ उरत नाही.

सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1995 मध्ये, व्हॅटिकनने 45 चित्रपटांची यादी काढली. पासोलिनी तिच्यात आहे, ‘बेन-हर’ आहे. एकही भारतीय दिग्दर्शक नाही. सत्यजित राय नाहीत, प्रभात नाही. भारताशी नातं सांगणारा एकच, ॲटनबरोंचा ‘गांधी’. माझ्या यादीत ‘संत तुकाराम’ पहिला असता.

आणि आम्ही स्वतः पडद्यावर कुठे होतो? हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस वांद्र्याचा किंवा गोव्याचा. ‘बॉबी’, ‘जूली’, ‘अमर अकबर अँथनी’. फ्रॉक, गिटार, बाटली आणि गळ्यात क्रूस. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन उपासनेला जाणारी माझी आजी त्यांच्या गावीही नव्हती. ती दिसली एकदाच, दूरदर्शनवर. विजया मेहतांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर चित्रपट केला, सुहास जोशी लक्ष्मीबाई आणि रवींद्र मंकणी टिळक. नवरा ख्रिस्ती झालाय, बायको अजून सोवळं पाळतेय, आणि दोघांचं प्रेम कायम आहे. मिशनच्या कंपाउंडात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी खुर्च्या कमी पडल्या. पुढच्या रविवारी उपासनेनंतर एक गट म्हणाला, बाप्तिस्म्याला फारच थोडा वेळ दिला. दुसरा म्हणाला, टिळकांचा रागीटपणा फार दाखवला. आजीला दोन्ही मान्य नव्हतं. ती म्हणाली, लक्ष्मीबाई बरोबर आहे, पण तिचा स्वयंपाक कुठे दाखवलाय नीट?