सुतळीला फुटलेली पालवी

सुतळी म्हटली की पोतं शिवायचा दाभण आठवतो, बाजेची वीण आठवते, फार तर कुणाच्या गॅलरीत कुंडी टांगायला केलेलं मॅक्रमे. शिल्प काही आठवत नाही. शिल्प म्हणजे दगड, लाकूड नाहीतर धातू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. १९७०च्या दशकात मृणालिनी मुखर्जी यांनी हाच दोर हातात घेतला आणि पुढची वीसेक वर्षं त्याला गाठी मारत माणसाहून उंच फुलं, देव-देवी आणि यक्षिणी उभ्या केल्या.

त्यांचा जन्म १९४९चा, मुंबईतला. बालपण डेहराडूनला आणि शांतिनिकेतनच्या आसपास गेलं. आई लीला लाकडात शिल्पं करायच्या. वडील बिनोदबिहारी मुखर्जी कलाभवनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. कलाभवनात झाडांकडे बघायला शिकणं हा शिक्षणाचाच भाग होता. बिनोदबिहारींची दृष्टी मात्र जन्मापासून अधू, एका डोळ्याने तर काहीच दिसत नसे. त्यांची जलरंगातली निसर्गचित्रं पाहिली की जाणवतं, हा माणूस पानं मोजत बसत नाही. झाड कसं उभं आहे, कुठे झुकलंय, ते चार फटकाऱ्यांत पकडतो. जलरंगात गिरवायला वाव कमीच. ओला कुंचला एकदा कागदावर टेकला की टेकला. १९५७च्या सुमारास, शस्त्रक्रियेनंतर, त्यांची उरलेली नजरही गेली. त्यानंतर ते कागद कापून, माती चाचपून काम करत राहिले. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला.

मुलगी बडोद्याला चित्रकला शिकायला गेली. तिथे के. जी. सुब्रमण्यन भेटले, ते बिनोदबिहारींचे विद्यार्थी. कारागिराच्या हातातली साधनं आणि कलावंताची साधनं यांत त्यांनी भिंत मानली नाही. मृणालिनींच्या हातात दोर आला तो याच वातावरणात.

त्यांची पद्धत विलक्षण होती. आधी रेखाटन नाही, छोटा नमुना नाही, मागही नाही. एका गाठीशेजारी दुसरी गाठ मारत जायचं. विणीला जाडी येते, ती वळते, दुमडते, तिचा ओठ उलगडतो. एकेका कामाला महिनोन्‌महिने लागत. केळफूल जसं आवरणामागून आवरण उघडत जातं, तशी ही शिल्पं वाढलेली दिसतात. 'यक्षी', 'वनश्री', 'आदिपुष्प' ही त्यांतली काही नावं. सांचीच्या तोरणावर झाडाला बिलगलेली यक्षी आपण फोटोत पाहिलेली असते. मृणालिनींच्या कामात बाई आणि झाड वेगळे काढताच येत नाहीत. पाकळी त्वचेसारखी वाटते, पुंकेसर आणि गर्भाशय लपवलेले नाहीत. फूल हा झाडाचा जननेंद्रियांचा भाग आहे, हे शाळेत शिकूनही आपण विसरतो. इथे ते विसरता येत नाही.

पण गाठी मारणारी बाई म्हटल्यावर 'ही हस्तकला' असा शिक्का जवळच असतो. दगड फोडणारा शिल्पकार आणि दोर विणणारी कारागीर, ही विभागणी सामग्रीपुरती नसते; कुणाच्या श्रमाला कला म्हणायचं, ते त्यात ठरतं. १९९४ साली ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, तरी व्यापक दखल बरीच उशिरा घेतली गेली. मधल्या काळात त्या मातीकडे आणि मग ब्राँझकडे वळल्या. मेण हाताने घडवायचं, त्याभोवती साचा करायचा, मेण वितळवून तिथे धातू ओतायचा. त्यातून ताडामाडाच्या झावळ्यांची आठवण देणारी 'पामस्केप' मालिका आली.

२०१५च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडलं. त्याच दिवसांत त्या आजारी पडल्या आणि फेब्रुवारीत गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमधलं मोठं प्रदर्शन २०१९चं. ते पाहायला त्या नव्हत्या.

वडिलांनी झाड कागदावर उतरवलं. मुलीच्या हातातला दोर मुळात झाडाचाच होता, कुणीतरी कापून, कुजवून, धागा काढून वळलेला. त्या शिल्पाच्या अगदी जवळ गेलात तर फक्त गाठी दिसतील, एकीला लागून एक. चार पावलं मागे आलात की फूल दिसेल.