पेळू धरा, 1947 मध्ये या

पेटीचरखा जमिनीवर सरळ मांडा. डाव्या हातात पेळू, उजव्या हातात चक्राची मूठ. चातीवर कालच्या सुताचं टोक शिल्लक आहे, त्याला पेळूचं तोंड भिडवा आणि चक्र सावकाश फिरवा. तार निघेपर्यंत मान वर करू नका. लातूरच्या तुमच्या घरातला पंखा, खालच्या रस्त्यावर क्लास सुटल्यावरचा पोरांचा गलका, सगळं तिथेच राहू द्या.

आता वर बघा. जुलै 1947. उदगीरजवळच्या एका खेड्यात, माळवदाच्या घराच्या ओसरीवर तुम्ही बसला आहात. लातूर जिल्हा व्हायला अजून पस्तीस वर्षं आहेत. उदगीर बीदर जिल्ह्यात, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कचेरीचा कागद उर्दूत, बाजारातला रुपया हाली सिक्क्याचा. तुमच्या खिशातली नोट इथे कोणी घेणार नाही. चरखा मात्र लगेच ओळखतील. असा पेटीत मिटणारा चरखा गांधीजींच्या येरवडा तुरुंगातल्या दिवसांत घडला, त्याला आता दीड दशक होत आलं आहे.

शेजारी एक म्हातारी बसली आहे. नऊवारीचा ओचा गुडघ्याखाली दाबून ती तुमच्या हाताकडे बघते आहे.

“लेकरा, तार वढू नगंस. निगू दे.”

हे एक वाक्य समजायला छंदापुरतं कातणाऱ्याला महिने लागतात. आपण कापूस ओढतो, म्हणून तार तुटते. खरं काम पीळच करतो. चातीच्या टोकावरून तार दर फेऱ्याला एकदा निसटते आणि त्या निसटण्यात एक पीळ पडतो. पीळ बारीक जागी आधी धावतो, ती जागा घट्ट करतो, जाड जागा सैल राहते. हात मागे नेला की ती सैल जागा पातळ होते, मग पीळ तिथे पोचतो. सूत असं स्वतःच सारखं होत जातं. आपण फक्त हात न थांबवता मागे न्यायचा. म्हातारी हे समजावून सांगणार नाही. ती तुमच्या मनगटाला दोन बोटं लावेल आणि मनगट खाली करेल. एवढंच शिक्षण.

तिच्या टोपलीतले पेळू हाताला वेगळे लागतात. हा गावरानी कापूस आहे, नांदेड-परभणीच्या काळ्या रानातला, देशी जातींत नाव राखून असलेला. तंतू तुम्हाला सवय असलेल्या आजच्या संकरित कापसापेक्षा आखूड, म्हणून पीळ थोडा जास्त द्यावा लागतो. गेल्या हिवाळ्यात वेचलेला, सलाईने सरकी काढलेला आणि पिंजाऱ्याने धनुकलीवर पिंजून दिलेला हा कापूस. पावसाळी हवेत पेळू दमट होतात, तार गुठळ्यांनी निघते. म्हणून तिने टोपली चुलीजवळ ठेवली होती, पेळवांना धुराचा किंचित वास आहे. तोही सुतात उतरणार.

वाटेने एक धनगर मेंढरं घेऊन चालला आहे. त्याच्या हातात लोकरीची टकळी. चालता चालता तो तिला मांडीवर झटका देतो, टकळी हवेत फिरत खाली जाते आणि काळी लोकर तिच्यामागे लांबत जाते. दख्खनी मेंढीची ही लोकर रखरखीत, तिचं घोंगडं चिंचोक्याच्या खळीने ताठ होणार. त्याच्याशी बोलायला थांबावंसं वाटेल, पण तो थांबत नाही. मेंढरं पुढे गेली.

22 जुलैला दिल्लीत घटना समितीने नवा तिरंगा मंजूर केला. काँग्रेसच्या झेंड्यावरचा मधला चरखा गेला, तिथे अशोकचक्र आलं, चोवीस आऱ्यांचं. बातमी इथे कानोकानी पोचते, कारण संस्थानात हा झेंडा लावणं गुन्हा आहे. ओसरीवरचा एक तरुण शिक्षक हळू आवाजात विचारतो, चरखा काढला तर मग आपण कातायचं कशाला? म्हातारी हातातली तार पुरी करते, चातीवर गुंडाळते आणि म्हणते, “झेंड्यावरचा गेला आसंल. झेंडा कशाचा करनार हायेस?”

ऑगस्टची 7 तारीख. हैदराबाद स्टेट काँग्रेसने आज ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळायला सांगितलं आहे. गावोगाव लोक झेंडे घेऊन निघतात आणि धरले जातात. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र होईल, त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवणाऱ्या तिच्या नेत्याला, स्वामी रामानंद तीर्थांना, अटक होईल. इथून पुढचे तेरा महिने हा मुलूख निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या दहशतीत काढणार आहे. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर तरुण हत्यारं घेऊन ठाण मांडतील. तुमच्या शेजारचं घर एका रात्रीत रिकामं होईल, बायका-मुलं सरहद्दीपलीकडे जातील. चरखा घेऊन पळता येत नाही, टकळी मात्र पदराच्या गाठीत मावते. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत सत्याग्रहींची नावं आहेत, आणि ती असायलाच हवीत. त्यांच्या अंगावरच्या सदऱ्याचं सूत कोणी कातलं, याची नोंद कोणी ठेवली नाही. मला ही उणीव टोचते. म्हणून तुम्हाला इथे आणलं.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपते. त्यानंतर वर्षं भराभर जाऊ द्या. पन्नाशीच्या दशकात तमिळनाडूतल्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा गावात येतो, एका वेळी अनेक चाती फिरवणारा. म्हातारी तो बघते, हाताने एक चाक फिरवून पाहते आणि परत आपल्या चरख्याकडे येते. तिच्या सुनेला मात्र तो आवडतो, कारण त्यावर मजुरी सुटते. दोघींचंही बरोबर आहे.

आता नांदेडला या, आजच्या दिवसात. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या आवारात शिलाई यंत्रांची घरघर चालू आहे. झेंड्याचं खादी कापड उदगीरच्या केंद्रात विणलं जातं, धुलाई-रंगाईसाठी अहमदाबादला जातं आणि झेंडे शिवायला नांदेडला परत येतं. टेबलावर केशरी, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांच्या थप्प्या. पांढऱ्यावर दोन्ही बाजूंनी चक्र छापायचं आणि दोन्ही छाप तंतोतंत एकमेकांवर यायला हवेत. अधिकृत मापं नऊ, 6300 गुणिले 4200 मिलिमीटरपासून 150 गुणिले 100 पर्यंत. प्रमाण प्रत्येकाचं तीनास दोन. कडेच्या पट्टीत दोरी ओवणारे हात उदगीरच्या ओसरीवर पाहिलेल्या हातांसारखेच सावकाश आणि न थांबता चालतात.

2002 च्या ध्वजसंहितेत झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी खादीचाच असावा, असं होतं. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रावरचं कापड आणि पॉलिस्टरही चालू लागलं. घरोघरी झेंडा स्वस्तात पोचावा हे मी समजू शकतो. पण उदगीरच्या मागावर बसणाऱ्या बाईच्या मजुरीचा विचार त्या दुरुस्तीत झाला असता, तर मला जास्त आवडलं असतं. तुम्ही 15 ऑगस्टला झेंडा विकत घेणार असाल तर खादी भांडारातला घ्या. पैसे जास्त जातात, ते कुठे जातात हे आता तुम्ही पाहिलं आहे.

घरी परत आल्यावर एक हिशेब करा. 900 गुणिले 600 मिलिमीटरचा झेंडा धरा. कापडात इंचाला उभे-आडवे पंचेचाळीस धागे आहेत असं माना. उभं सूत साधारण 960 मीटर, आडवंही तेवढंच. जुन्या मापाची गुंडी म्हणजे फाळक्यावरचे 640 तार, दर तार चार फूट, म्हणजे सुमारे 780 मीटर. झेंड्याला अडीच गुंड्या लागल्या. तासाला अर्धी गुंडी निघाली तर हात चांगला बसला म्हणायचा, तेव्हा पाच तास. विणताना सूत आखडतं, मागाला बांधलेली टोकं कापून टाकावी लागतात, त्यासाठी आणखी अर्धी गुंडी धरा. तीन गुंड्या, सहा तास. दर रविवारी तासभर बसलात तर दीड महिन्यात एका झेंड्याचं सूत हातात येईल. 12 फेब्रुवारीला गांधीजींच्या स्मरणार्थ वाहायच्या सूतांजलीत एक गुंडी द्यायची असेल तर ती यात धरलेली नाही.