बावन्नाव्या वर्षीचा नवोदित

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीच उत्तर देईना की कुणीतरी रहीमचाचाचं मीम टाकतंच. 'शोले'तला तो आंधळा म्हातारा, सन्नाटा का पसरलाय असं विचारणारा. मीही ते कितीदा तरी फॉरवर्ड केलंय. हा नट कोण, हे मात्र अलीकडे शोधलं.

ए. के. हंगल. जन्म १९१४ चा, सियालकोटचा, बालपण पेशावरात. पुढे ते शिंपीकाम शिकले. कराचीत कामगार चळवळ, कम्युनिस्ट पक्ष आणि त्यापायी तुरुंग. सुटका झाल्यावर, १९४९ मध्ये ते मुंबईत आले. इथे पोटासाठी पुन्हा शिवणकाम आणि मनासाठी 'इप्टा'ची नाटकं. बलराज साहनी, कैफी आझमी हे तिथले सोबती.

'तीसरी कसम' आला १९६६ साली. तेव्हा हंगल बावन्न वर्षांचे होते. पुढे 'गुड्डी', 'बावर्ची', 'नमक हराम', 'शौकीन' असे दोनशेहून जास्त चित्रपट त्यांनी केले. तरुण हंगल पडद्यावर कुणी पाहिलेच नाहीत.

अठ्ठाविशीत माझ्या आजूबाजूला सगळ्यांनाच उशीर झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं. त्यामुळे 'उशिरा सुरुवात करूनही यश' अशी ही गोष्ट सांगायचा मोह होतो. पण हंगलांची सुरुवात उशिरा झालीच नव्हती. कॅमेरा तेवढा उशिरा आला. कारखान्याच्या दारातली माणसं, तुरुंग, फाळणी हे सगळं त्यांनी आधीच पाहिलं होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

त्या आधीच्या आयुष्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९९३ मध्ये जुनं गाव बघायला त्यांनी पाकिस्तानचा व्हिसा मागितला आणि मुंबईतल्या पाकिस्तानी वकिलातीच्या कार्यक्रमाला हजेरी लावली. शिवसेनेने बहिष्कार पुकारला. ऐंशीच्या घरातल्या माणसाची कामं थांबली. काही काळाने ते परतले, 'लगान'मध्ये दिसले. २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं. २६ ऑगस्ट २०१२ ला मुंबईतच ते गेले. शेवटच्या काळात औषधोपचाराच्या खर्चाचीही ओढाताण होती.

परवा 'शोले' पुन्हा पाहिला. रहीमचाचा तो प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मुलाचं प्रेत गावात आलेलं असतं. सगळ्यांना ते दिसतं, त्याला दिसत नाही. म्हणून कुणी बोलत नाही.

आता ते मीम ग्रुपवर आलं की माझ्याच्याने हसवत नाही.