लेसरद्वारे पेशीसंवर्धनाचे निर्जंतुकीकरण

प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींमध्ये शिरलेले जीवाणू, विषाणू इत्यादी सूक्ष्मजीव लेसर प्रकाशाने निष्क्रिय करून मूळ पेशी जिवंत राखण्याच्या प्रायोगिक पद्धतीस 'लेसरद्वारे पेशीसंवर्धनाचे निर्जंतुकीकरण' असे म्हणतात.

पार्श्वभूमी

पेशीसंवर्धनाचा उपयोग लसनिर्मिती, औषधचाचण्या व कर्करोग संशोधनात होतो. त्यात मायकोप्लाझ्मा या जीवाणूंचा संसर्ग विशेष उपद्रवी ठरतो. या जीवाणूंना पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्यांच्यावर निष्प्रभ ठरते. ते ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतूनही पार होऊ शकतात. त्यांच्यामुळे द्रव गढूळ होत नाही. त्यामुळे संसर्ग लक्षात न येता प्रयोगांचे निष्कर्ष चुकतात. दूषित संवर्धन नष्ट करणे हा सर्वसाधारण उपाय होय. परंतु एखाद्या रुग्णाकडून मिळालेल्या दुर्मीळ पेशी पुन्हा मिळतीलच असे नाही.

कार्यपद्धती

पाऱ्याच्या दिव्यातील २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सूक्ष्मजीवांच्या डीएनएला इजा करतात. मात्र मूळ पेशींचा डीएनएही त्यातून सुटत नाही. म्हणून दृश्य प्रकाशाच्या अतिलघु लेसर स्पंदांचा विचार पुढे आला. हे स्पंद फेमटोसेकंदांत मोजतात. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचा अब्जावा भाग. स्पंदांची तीव्रता ठरावीक मर्यादेत ठेवल्यास सूक्ष्मजीव निष्क्रिय होतात, तर सस्तन प्राण्यांच्या पेशी तग धरतात. ही निवडकता हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. स्पंदांमुळे विषाणूच्या प्रथिन कवचात कंपने निर्माण होऊन त्यातील दुर्बल बंध तुटतात, असे एक स्पष्टीकरण संशोधकांनी मांडले आहे.

इतिहास

अ‍ॅक्रिडीन रंगद्रव्य व प्रकाश यांच्या संयुक्त परिणामाने पॅरामेशियम मरतात, हे म्युनिक येथील ऑस्कर राब यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केले. पहिला लेसर १९६० मध्ये तयार झाला. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील काँग-थॉन सेन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये फेमटोसेकंद लेसरने एम१३ हा जीवाणुभक्षक विषाणू निष्क्रिय केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे हीच दिशा मायकोप्लाझ्माने दूषित झालेल्या पेशीसंवर्धनापर्यंत पोहोचली.

मर्यादा

संवर्धनद्रवातील रंगद्रव्ये प्रकाश शोषून घेतात. लेसरची शलाका अरुंद असल्याने संपूर्ण द्रव तिच्या मार्गात आणावा लागतो. काही सूक्ष्मजीव शिल्लक राहिल्यास संसर्ग पुन्हा वाढतो. पीसीआर चाचणीत मृत जीवाणूंचा डीएनएही आढळू शकतो. म्हणून उपचारानंतर पेशी काही काळ प्रतिजैविकांविना वाढवून पुन्हा तपासणे आवश्यक असते.