ईम

इंग्लंडच्या डर्बिशर परगण्यातील इतिहासप्रसिद्ध खेडे. लोकसंख्या एक हजाराहून कमी. शेफील्डच्या नैर्ऋत्येस सु. २० किमी.वर, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या (स्थापना १९५१) डोंगराळ प्रदेशात ते वसले आहे. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये ग्रामस्थांनी स्वतःहून पाळलेल्या गावबंदीमुळे ते प्रसिद्धीस आले.

गाव प्राचीन असून सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारातील कोरीव दगडी क्रूस आठव्या शतकातील मानतात. शिशाच्या खाणी हे येथील उपजीविकेचे दीर्घकाळ प्रमुख साधन होते. पुढे विणकाम व पादत्राणे यांचे उद्योगही येथे चालत.

परंपरेनुसार लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडातील पिसवांबरोबर हा रोग गावात शिरला. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबर १६६५ मध्ये प्रथम दगावला. हिवाळ्यात ओसरलेली साथ उन्हाळ्यात पुन्हा बळावली. तेव्हा जून १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याने सीमा ओलांडू नये, असे ग्रामस्थांना आवाहन केले. तो गावात नवखा होता. त्यामुळे पदच्युत झालेला पूर्वीचा प्यूरिटन धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली याचा पाठिंबा त्याला मोलाचा ठरला. उपासना चर्चऐवजी ककलेट डेल्फ या घळीत उघड्यावर होऊ लागली व मृतांना घरच्यांनीच आपल्या जमिनीत पुरावे, असे ठरले. डेव्हनशरच्या अर्लने अन्नपुरवठा केला. बाहेरचे लोक सीमेवर जिन्नस ठेवीत व त्यांचे मोल शिरक्यात बुडविलेल्या नाण्यांनी चुकविले जाई.

नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ थांबली, तोवर सु. २६० माणसे मृत्युमुखी पडली होती. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा मुले यांना स्वतः पुरले. मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन हीही दगावली. मुलांना मात्र त्याने आधीच बाहेरगावी पाठविले होते.

या त्यागाची थोरवी सर्वमान्य असली, तरी त्याच्या फलिताविषयी मतभेद आहेत. गावबंदीमुळे शेजारची गावे वाचली, असे परंपरा मानते. परंतु कोंडलेल्या लोकांतील मृत्यू तिने वाढविले असावेत, असेही काही अभ्यासक म्हणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार सु. तीन-चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाला झाला होता. हे ग्राह्य मानल्यास बाहेरच्यांना मिळालेले संरक्षण आणि आतल्यांनी मोजलेली किंमत ही एकाच निर्णयाची दोन अंगे ठरतात.

गावात प्राथमिक शाळा, चर्च, उपाहारगृहे व जुनी पांथशाळा आहे. ग्रिंडलफर्ड हे जवळचे रेल्वेस्थानक होय. साथीनंतर लवकरच बांधलेला ईम हॉल, प्लेगची घरे, सीमेवरील खाचांचा दगड, मॉम्पेसनची विहीर, हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी व साथीचा इतिहास मांडणारे वस्तुसंग्रहालय ही येथील प्रेक्षणीय स्थळे होत. कवयित्री ॲना सीवर्ड हिचा जन्म येथेच झाला (१७४२). ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी ककलेट डेल्फमध्ये मृतांच्या स्मरणार्थ प्रार्थना करण्याची प्रथा आहे.