डोळ्याच्या मापाचे फिल्टर

खगोलछायाचित्रणाच्या फिल्टरांचे सव्वा इंच आणि दोन इंच हे प्रचलित आकार कॅमेऱ्यासाठी ठरलेले नाहीत. ते नेत्रिकेच्या नळीवरून आले. जपानी बनावटीच्या लहान दुर्बिणींत 24.5 मिलिमीटरची नळी असे. अमेरिकेत सव्वा इंची नळी रुळली आणि विस्तृत दृष्टिक्षेत्रासाठी दोन इंची. गुरूचे पट्टे किंवा मंगळावरचे डाग ठळक दिसावेत म्हणून निरीक्षक नेत्रिकेच्या तोंडाशी आट्यांवर रंगीत काच फिरवून बसवत. या काचांना आजही रॅटन क्रमांकांनीच ओळखतात. ज्या इंग्लिश कंपनीचे हे क्रमांक, ती कोडॅकने 1912 मध्ये विकत घेतली.

1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. हौशी निरीक्षकांच्या हाती या सीसीडी सेन्सरचे कॅमेरे खऱ्या अर्थाने आले ते 1990च्या दशकात. एसबीआयजी कंपनीच्या एसटी-7 कॅमेऱ्यातला सेन्सर जेमतेम 6.9 बाय 4.6 मिलिमीटरचा, म्हणजे कर्ण 8.3 मिलिमीटर. सेन्सर कृष्णधवल असल्याने लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळी चित्रे घेऊन ती एकत्र करावी लागत. मॅक्सवेलने 1861 मध्ये दाखवलेली युक्ती तीच. इतक्या छोट्या सेन्सरला सव्वा इंची फिल्टर पुरून उरत असे, त्यामुळे मापाचा प्रश्नच उद्भवला नाही.

तो उद्भवला सेन्सर वाढले तेव्हा. कोडॅकच्या केएएफ-8300 सेन्सरचा कर्ण 22.5 मिलिमीटर होता, आणि 2016 मध्ये आलेल्या झेडडब्ल्यूओ कंपनीच्या एएसआय1600 कॅमेऱ्यातल्या सेन्सरचाही जवळपास तेवढाच. सव्वा इंची फिल्टरची धातूची कडी वगळली तर काच साधारण 26 मिलिमीटरच मोकळी राहते. प्रकाश सेन्सरकडे शंकूसारखा निमुळता होत येतो, म्हणून फिल्टर सेन्सरपासून जितका दूर, तितका तो मोठा लागतो. हिशेब सोपा आहे: सेन्सरपासूनच्या अंतराला दुर्बिणीच्या एफ-गुणोत्तराने भागायचे आणि उत्तर कर्णात मिळवायचे. अंतर 20 मिलिमीटर आणि गुणोत्तर एफ/5 असेल, तर 22.5 अधिक 4, म्हणजे 26.5 मिलिमीटर. सव्वा इंची फिल्टर इथे काठावर नापास होतो आणि चित्राचे कोपरे किंचित काळवंडतात.

त्यावर उत्पादकांनी काढलेला उपाय शहाणपणाचा होता: कडीच काढून टाकायची. 31 मिलिमीटरची उघडी काच फिल्टर बदलणाऱ्या चक्राच्या खाचेत बारीक स्क्रू आणि वॉशरनी धरली जाते. काच नुसत्या बोटांनी बसवायची असल्याने हात स्थिर हवा, पण दोन इंची संचाचा खर्च वाचतो. पुढे एपीएस-सी सेन्सर आले. त्यांचा कर्ण सुमारे 28 मिलिमीटर; त्याच अंतरावर एफ/5 ला 32 मिलिमीटर लागतात, म्हणून 36 मिलिमीटरची काच रूढ झाली. 43 मिलिमीटर कर्णाच्या फुल-फ्रेम सेन्सरला 50 मिलिमीटरचीच काच हवी.

खर्च वाढतो तो काचेच्या क्षेत्रफळामुळे. 50 मिलिमीटरची काच 31 मिलिमीटरच्या काचेपेक्षा क्षेत्रफळाने अडीचपटीहून मोठी, आणि संपूर्ण संचात अशा सात काचा लागतात: एक ल्युमिनन्सची (एकंदर उजेडाची), तीन रंगांच्या आणि हायड्रोजन, ऑक्सिजन व गंधक यांच्या रेषांसाठी तीन. कोपऱ्यांतला थोडा अंधार फ्लॅट चित्रांनी, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्रांनी, दुरुस्त होतो. त्यामुळे बेताच्या खर्चात काम करणाऱ्याने कॅमेरा आधी ठरवावा आणि हिशेबात बसणारी सर्वांत लहान काच घ्यावी.